घोड्यांच्या मुलखांत दोन दिवस

मराठी माणसाच्या घरांतून घोडें गेलें, पण त्याच्या तोंडांतून तें अजून गेलेलें नाहीं. काम खोळंबलें कीं 'घोडें पेंड खातें' असें आपण म्हणतों. वेळ टळून गेल्यावर कोणी धांवपळ करूं लागला कीं 'वरातीमागून घोडें' म्हणून हंसतों. निकामी माणसांची गर्दी झाली कीं तिला 'खोगीरभरती' हें नांव देतों. आणि कसोटीची वेळ आली कीं 'घोडामैदान जवळच आहे' अशी एकमेकांस आठवण देतों. मुलांना घालावयाच्या कोड्यांतही, भाकरी कां करपली आणि पानें कां सडलीं यांच्या जोडीला घोडा कां अडला हा प्रश्न असतोच, व तिन्हींचें उत्तर 'न फिरविल्यामुळें' हें एकच. परंतु खोगिरांत भरतात तें काय, आणि न फिरविलेला घोडा खरोखर कां अडतो, हें घरांतल्या किती जणांना सांगतां येईल? आजोबांना कदाचित् येईल, वडिलांना क्वचित्, मुलांना तर घोडा दिसतो तो लग्नाच्या वरातींत, बँडच्या गोंगाटांत, नाहीं तर समुद्रकांठच्या वाळूवर.

भाषा आणि वस्तु यांमधलें हें अंतर दोन दिवसांत पुष्कळसें कमी करतां येईल असा एक मुलूख आपल्या मराठवाड्यांत आहे. नांदेडपासून लातूर-उदगीरपर्यंतच्या पट्ट्यांत घोडा चार रूपांनीं भेटतो. नांदेडास तो गुरूचा घोडा आहे. त्याच्यावर कोणी बसत नाहीं. माळेगांवीं तो देवाचा घोडा आहे. त्याच्यावर खंडोबा बसलेला आहे. त्याच माळेगांवच्या माळावर तो बाजारांतला घोडा आहे; त्याचे दांत पाहून भाव ठरतो. आणि उदगिरास तो इतिहासांतला घोडा आहे. तो डोळ्यांस दिसत नाहीं, पण त्याच्या टापांनीं मराठ्यांचें भाग्य एकदां कळसास नेलें. हे चारही घोडे शनिवार-रविवारच्या सुट्टींत, आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्व कुटुंबाला बरोबर घेऊन पाहतां येतात. ते पाहावे कसे हें सांगण्याचा आमचा उद्देश आहे. लवकर कां पाहावे, हेंही ओघानें येईल.

प्रवासाचा बेत

माळेगांवची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीस भरते. इंग्रजी महिना म्हणाल तर बहुधा डिसेंबर, कधीं जानेवारीचा आरंभ. ज्या घरीं चंपाषष्ठीस तळी भरतात त्यांनीं त्या दिवसापासून तीन आठवड्यांहून किंचित् अधिक मोजले म्हणजे यात्रेचा दिवस हातीं लागतो. मुख्य दिवस चतुर्दशीचा असला तरी जनावरें आधींपासून येऊं लागतात आणि बाजार पुढेंही कांहीं दिवस चालतो. म्हणून वृद्ध व लहान मुलें बरोबर असतील तर पालखीचा दिवस टाळून त्याच्या अलीकडला वा पलीकडला शनिवार-रविवार धरावा. गर्दी बेताची असते, आणि घोडा शांतपणें पाहावयास मिळतो.

हुजूर साहिब नांदेड हें मोठें रेल्वे स्टेशन आहे. तेथून आरंभ करणें सोयीचें. नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या सडकेवर आधीं लोहा, मग माळेगांव आणि त्यापुढें अहमदपूर लागतें. शनिवारची सकाळ नांदेडास घालवावी, दुपारपासून सूर्यास्तापर्यंत माळेगांवीं राहावें, मुक्कामास अहमदपूर किंवा लातूर गांठावें आणि रविवारीं उदगीर पाहून परतावें. उदगिरासही रेल्वे आहे. बरोबर दोन वस्तु अवश्य घ्याव्या: रात्रींसाठीं घोंगडी किंवा शाल, कारण उघड्या माळावरची मार्गशीर्षांतली थंडी शहरवासीयांच्या अंदाजाबाहेरची असते, आणि दिवसासाठीं तोंडास बांधावयाचें फडकें, कारण हजारों खुरांनीं उडविलेली धूळ कोणाचाही मुलाहिजा राखीत नाहीं.

गुरूचा घोडा

शिखांचे दहावे गुरु गोविंदसिंग हे औरंगजेबाच्या मृत्यूनंतर बादशहा बहादुरशहाच्या स्वारीबरोबर दक्षिणेंत आले, आणि ७ ऑक्टोबर १७०८ रोजीं गोदाकांठीं नांदेड येथें त्यांनीं देह ठेवला. आपल्यामागें देहधारी गुरु नसावा, ग्रंथालाच गुरु मानावें, अशी आज्ञा त्यांनीं केली. त्या जागीं आज उभें असलेलें मंदिर पंजाबचे महाराज रणजितसिंग यांच्या आश्रयानें १८३२ ते १८३७ या सालांत बांधलें गेलें. शिखांच्या पांच तख्तांपैकीं हें एक असल्यामुळें पंजाबांतले यात्रेकरू येथें बारमास येतात, आणि नांदेडच्या रस्त्यांवर मराठी, पंजाबी, उर्दू व तेलुगु अशा चार भाषा एकदम कानीं पडतात.

गुरुद्वाऱ्याच्या तबेल्यांत घोडे पाळलेले आहेत. गुरूंच्या स्वतःच्या घोड्याचा हा वंश होय अशी भाविकांची श्रद्धा आहे. ह्या घोड्यांवर कोणी स्वार होत नाहीं. दसरा, दिवाळी व होळीनंतरचा होला महल्ला या सणांच्या मिरवणुकींत त्यांना शृंगारून निशाणाबरोबर चालवितात. पाठीवर झूल असते, अलंकार असतात, परंतु स्वार नसतो. सिंहासनावर पादुका ठेवून त्यांच्या नांवानें राज्य चालविणारा भरत आपणांस लहानपणापासून ठाऊक आहे. येथें पादुकांच्या जागीं रिकामी पाठ आहे, इतकाच फरक. जो गेला त्याची जागा दुसऱ्या कोणीं घ्यावयाची नाहीं, हें सांगण्याची याहून सोपी भाषा आम्हांस ठाऊक नाहीं, आणि ती लहान मुलासही समजते.

मंदिरांत जातांना डोकें झांकावें, पादत्राणें बाहेर ठेवावीं आणि पाय धुऊन आंत जावें. लंगरांत सर्वांबरोबर पंगतीस बसून प्रसाद घ्यावा. कोणालाही तेथें मज्जाव नाहीं. भोजनाच्या बाबतींत ज्यांच्या घरीं अजून कांहीं संकोच शिल्लक असेल, त्यांना ह्या पंगतींत बसण्यानें लाभच होईल.

ज्यांच्याजवळ वेळ आहे त्यांनीं लोह्याहून वाट थोडी वांकडी करून कंधारचा किल्ला पाहावा. राष्ट्रकूटांचें हें प्राचीन नगर. ज्या तांबड्या लाल कंधारी बैलांना मराठवाड्याचा शेतकरी मानतो त्यांना नांव ह्याच गांवाचें मिळालें आहे. पण मुलें घोड्यांसाठीं उतावीळ झालीं असतील तर तें परतीच्या वाटेवर ठेवावें.

देवाचा घोडा आणि बाजारांतला घोडा

देव्हाऱ्यांतला खंडोबाचा टांक एकदां निरखून पाहावा. चांदीच्या त्या इवल्याशा पत्र्यावर देव एकटा नाहीं. पुढें वा मागें म्हाळसा आहे, पायांशीं कुत्रा आहे, आणि दोघांनाही वाहणारा घोडा आहे. आपले बहुतेक देव उभे असतात किंवा मांडी घालून बसलेले असतात. खंडोबा मात्र रिकिबींत पाय घालून निघालेला देव आहे. देशस्थ ब्राह्मणांपासून मराठे, धनगर, रामोशी यांच्यापर्यंत इतक्या निरनिराळ्या समाजांचें तो कुलदैवत कसा झाला, याचें एक कारण हेंही असावें कीं, ज्या देशांत शेळ्यामेंढ्या घेऊन फिरणारा आणि भाला घेऊन फिरणारा असे दोघेही घोड्यावर अवलंबून होते, त्या देशाला घोडेस्वार देव आपला वाटला. तेव्हां घोड्यांचा बाजार खंडोबाच्या दारांतच भरावा यांत नवल नाहीं.

माळेगांवचा बाजार हैदराबाद संस्थानच्या अमदानींतही घोड्यांसाठीं नांवाजलेला होता. संस्थान १९४८ सालीं संपलें, घोडदळें मोडलीं, मोटारी आल्या, तरी बाजार राहिला. मंदिरापासून जरा दूर गेलें कीं उघड्या माळावर घोड्यांच्या रांगा लागतात. पुढच्या पायांस एक दोर, मागच्या पायांस दुसरा, समोर तोबरा, शेजारीं मालकाचें बिऱ्हाड, तीन दगडांची चूल, आणि दोरीवर वाळत घातलेलें फडकें. मधून मधून एखादा चाबूकस्वार मोकळ्या जागेंत घोडा काढतो आणि त्याची चाल दाखवितो. प्रथम साधी कदमचाल, मग दुडकी. आणि घोडा शिकविलेला असेल तर ती डौलदार रवाल चाल, जींत स्वाराच्या हातांतलें पाणी हिंदकळत नाहीं असें लोक कौतुकानें सांगतात. उंट, गाढवें, खेचरें आणि शिकारी जातीचीं कुत्रीं यांचेही निरनिराळे तळ असतात. धोबी, बेलदार, वडार अशा ज्या समाजांचें पोट ओझ्याच्या जनावरावर चाले, त्यांच्या दृष्टीनें गाढवांचा बाजार हा घोड्यांच्या बाजाराहून अधिक महत्त्वाचा होता, हें तेथें उभें राहून मुलांना सांगावें. लाल कंधारी आणि उदगीरकडच्या देवणी जातीचे पोळ प्रदर्शनांत मांडलेले असतात. जिल्हा परिषद त्यांना बक्षिसें देते. कुस्त्यांचा फड, लावणीचा महोत्सव, तमाशाचे तंबू हेंही सर्व आहे. ज्याची जशी आवड असेल तसें त्यानें पाहावें.

घोड्यांत जातींचा भेद ओळखावयास शिकणें ही पहिली गंमत. ज्याच्या कानांचीं टोंकें आंत वळून एकमेकांस भेटूं पाहतात तो मारवाडी. उंचीनें साठ इंचांच्या आसपास, मान उंच, नजर तिखट. काठेवाडी घोड्याचे कान त्याहूनही अधिक वळलेले असतात, चेहरा आंखूड आणि कपाळ रुंद असतें. गुलाबी कातडीचा पांढराशुभ्र घोडा तो नुकरा. ह्याला पंजाबकडून मोठी मागणी. आणि ह्या सर्व देखण्या मंडळींच्या मागें कोठेंतरी एक ठेंगणें, रुंद छातीचें, केसाळ, गरीब दिसणारें तट्टू उभें असेल, तर तेथें मुद्दाम थांबावें. तें दख्खनचें तट्टू. भीमेच्या कांठचें तें भीमथडी, गोदेच्या कांठचें तें गंगथडी. आज धनगर बिऱ्हाड हलवितांना त्याच्या पाठीवर कोंकरें, भांडीं आणि म्हातारीं माणसें लादतो. पण दिल्लीपर्यंत गेलेलीं मराठ्यांचीं घोडीं पुष्कळशीं ह्याच रक्ताचीं होतीं. कडब्यावर भागवून घेणारें, डोंगर चढणारें, नाल निखळला तरी न कुरकुरतां चालणारें हें जनावर नसतें, तर गनिमी कावा कागदावरच राहिला असता. भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे अलीकडे नोंद मिळाली आहे. तीन शतकें आपण ज्याच्या पाठीवर बसलों त्याला नांव द्यावयास आपणांस बराच वेळ लागला.

घोडा कसा पाहावा

रंगांचीं नांवें मुलांस फार लवकर पाठ होतात. तांबूस अंग आणि काळी आयाळ तो कुमेत, काळाभोर तो मुश्की, मोठमोठ्या पांढऱ्या पट्ट्यांचा तो अबलख, करडा तो सब्जा. आणि चारही पाय व तोंड पांढरें असलेला पंचकल्याणी. पण बाजारांत भाव ठरतो तो रंगाइतकाच वयावर, आणि वय घोड्याच्या तोंडांत लिहिलेलें असतें.

घोड्याला कुरतडण्याचे दांत वर सहा आणि खालीं सहा असतात. अडीच वर्षांच्या सुमारास मधली जोडी पडून पक्की येते, साडेतीनच्या सुमारास तिच्या शेजारची, साडेचारच्या सुमारास कडेची. पांचव्या वर्षीं तोंड भरतें. त्यानंतर दांतांच्या माथ्यावरचे काळसर खळगे झिजूं लागतात. खालच्या मधल्या जोडीवरचे सहाव्या वर्षीं, शेजारच्यांचे सातव्या आणि कडेच्यांचे आठव्या वर्षाच्या सुमारास बुजतात. दहाव्या वर्षाच्या आसपास वरच्या कडेच्या दांतावर हिरडीपाशीं एक उभी खांच डोकावते. ती पंधराव्या वर्षीं अर्ध्या दांतापर्यंत व विसाव्या वर्षीं टोंकापर्यंत पोंचते. हें सर्व अदमासाचें गणित आहे, कारण रेताड जमिनीवर चरणाऱ्याचे दांत लवकर झिजतात. तरी जुना जाणता दलाल ओठ उचलून क्षणांत वय सांगतो तें ह्याच्याच आधारें. भाव मात्र तो तोंडानें सांगत नाहीं. उपरण्याखालीं हातांत हात घालून बोटें दाबावयाची, ही जनावरांच्या बाजारांतली जुनी रीत. शेजारीं उभ्या असलेल्यास कांहीं कळावयाचें नाहीं.

दांतांनंतर पाय पाहावे. खूर हें आपल्या नखासारखेंच वाढणारें द्रव्य आहे, म्हणून साधारण चार ते सहा आठवड्यांनीं खूर तासून नाल नवा बसवावा लागतो. आणि येथेंच त्या जुन्या कोड्याचें उत्तर आहे. घोड्याच्या गुडघ्याखालीं मांसल स्नायु जवळजवळ नाहींतच. पायांत उतरलेलें रक्त वर चढविण्याचें पुष्कळसें काम खुराच्या दाबानें होतें. प्रत्येक पाऊल पडलें कीं खूर किंचित् दबतो आणि रक्त वर ढकललें जातें. घोडा दिवसचे दिवस एका जागीं बांधून ठेवला तर पाय सुजतात, आंतडीं मंदावतात, पोटशूळ उठतो; आणि घोड्याला ओकारी करतां येत नसल्यामुळें तो पोटशूळ प्राणावर बेततो. न फिरविल्यामुळें घोडा अडला, हें वाक्य विनोदाचें नसून वैद्यकाचें आहे. खोगीरभरतीचेंही तसेंच. खोगीर म्हणजे लाकूड-चामड्याच्या जिनाऐवजीं घोड्याच्या पाठीवर घालावयाची जाड गादी. तींत चिंध्या, लोकर, गवत, जें हातीं येईल तें कोंबीत. भरती कसलीही चाले. म्हणून तो शब्द माणसांस लागला.

हें ज्ञान आपल्याकडे नवीन नव्हतें. शालिहोत्राच्या नांवानें घोड्यांचें वैद्यकच ओळखलें जाई. उदगिरापासून फार दूर नसलेल्या कल्याणीस, म्हणजे आजच्या बसवकल्याणास, राज्य करणारा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकांतल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत घोड्यांचीं लक्षणें सांगितलीं आहेत, आणि घोड्यावर बसून चेंडू खेळण्याच्या वाह्यालीचेंही वर्णन आहे. मात्र त्या परंपरेंतली एक गोष्ट आतां सोडावयास हवी. घोड्याच्या अंगावरच्या केसांच्या भोंवऱ्यांवरून शुभाशुभ ठरवितात. गळ्यावरचा 'देवमन' भोंवरा भाग्याचा, डोळ्याखालचा 'आंसूढाळ' अपशकुनी. अगदीं निरोगी, शहाणी घोडी केवळ डोळ्याखालच्या भोंवऱ्यापायीं पडत्या भावानें विकली जाते. केस गर्भांत कोणत्या दिशेनें उगवले, यावरून मालकाच्या घरीं रडें येईल कीं काय हें कळत नसतें. पत्रिकेंतल्या एका ग्रहावरून घरोघर मुलींचीं लग्नें अडतात. त्या घरांतल्या मंडळींनीं हा बाजार पाहून घरीं जातांना थोडा विचार करावा.

कांहीं सूचना मुलांसाठीं. घोड्याला जवळजवळ चोहोंकडचें दिसतें, फक्त अगदीं पाठीमागचें आणि नाकाखालचें दिसत नाहीं. म्हणून मागून कधीं जाऊं नये, बाजूनें बोलत बोलत जावें. कान पुढें असले तर तो कुतूहलानें पाहतो आहे. मानेवर चपट पडले तर रागावला आहे, मागें सरावें. मालकास विचारल्यावांचून हात लावूं नये. आणि बत्ताशे, शेव, केळीं, जें हातांत असेल तें त्याला चारूं नये; वर सांगितलेला पोटशूळ पाहुण्यांच्या प्रेमानेंही होतो. एखादा घोडा कांटेरी लगामानें तोंड रक्ताळलेला, किंवा ढोलाच्या तालावर नाचावें म्हणून दोर ताणून बांधलेला दिसेल, तर तेथें टाळ्या वाजविणाऱ्यांत आपण नसावें.

इतिहासांतला घोडा

रविवारीं सकाळीं अहमदपुराहून उदगिराकडे निघावें. खंदक, दुहेरी तट, बुरूज, आंतले महाल, फारसी शिलालेख आणि ज्यांच्या नांवावरून गांवास उदगीर म्हणतात त्या उदागीर बाबांची समाधि, इतकें पाहण्यास दोन-तीन तास पुरतात. बहामनी काळापासूनचें हें ठाणें. १६३६ सालीं मोगलांनीं हें आणि जवळचें औसा, अशीं दोन्ही घेतलीं. परंतु मराठी माणसास उदगीर माहीत आहे तें १७६० सालामुळें.

त्या वर्षाच्या आरंभीं सदाशिवरावभाऊ पेशव्यांची फौज घेऊन निजामावर चालून आले. निजाम सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजामअली यांना मराठी घोडदळानें ह्या माळरानावर घेरलें. सरळ लढाई कमी, आणि भोंवतीं फिरून रसद तोडणें अधिक, ही जुनीच रीत. तिला इब्राहिमखान गारद्याच्या तोफांची नवी जोड मिळाली. निजामाची फौज उदगिराहून धारूरकडे सरकूं लागली, आणि ३ फेब्रुवारीस औशाच्या बाजूस तिच्या पिछाडीचा चुराडा झाला. तहांत सुमारें साठ लक्षांचा मुलूख, अहमदनगर, दौलताबाद, विजापूर यांसारख्या ठाण्यांसह मराठ्यांकडे आला. 

किल्ल्याच्या तटावर उभें राहून मुलांना पुढची गोष्ट सांगावी, कारण ती पुस्तकांत वेगळ्या धड्यांत असते. उदगीर होण्यापूर्वींच, १० जानेवारीस, यमुनेच्या कांठीं बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले होते. ती बातमी दक्षिणेंत आली, आणि उदगीर जिंकलेलेच भाऊ मार्च महिन्यांत परतुडाहून उत्तरेस निघाले. वर्ष पुरें होण्याच्या आंत तीच फौज पानिपतास कोंडली गेली. उदगिरास शत्रूची रसद मराठ्यांनीं तोडली होती. पानिपतास मराठ्यांची तुटली. दाणा संपला, वैरण संपली, जनावरें उपासानें मेलीं. आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं जे स्वार रणांत उतरले त्यांतल्या कित्येकांच्या घोड्यांच्या पायांत बळ नव्हतें. ही लढाई तलवारीच्या आधीं तोबऱ्यांत हरली गेली.

शिवछत्रपतींना हें पक्कें ठाऊक होतें. सभासदाच्या बखरीप्रमाणें त्यांच्या पागेंत पंचवीस घोड्यांमागें एक नालबंद आणि एक पाणक्या पखालजी नेमलेला असे. चिपळुणाजवळच्या आपल्या लष्करास त्यांनीं लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. आज आहे म्हणून दाणा-वैरण उधळाल, तर पावसाळ्यांत जनावरें मरतील आणि तें पाप तुमच्या माथीं येईल. मग तुम्ही रयतेस छळूं लागाल, असा त्याचा भावार्थ. घोड्याची काळजी, रयतेची काळजी आणि राज्य हीं एकाच दोरांत ओंवलेलीं आहेत, हें सांगणारें इतकें स्पष्ट राजपत्र आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं.

लवकर कां जावें

देशाच्या पशुगणनेप्रमाणें २०१२ सालीं भारतांत घोडे व तट्टें मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होतीं. २०१९ सालच्या गणनेंत तीं सुमारें तीन लाख चाळीस हजारांवर आलीं. सात वर्षांत जवळजवळ अर्धीं! गाढवांची घट याहूनही मोठी, शेंकडा साठांवर. कारणें उघड आहेत. ओझें टेम्पोनें ओढलें, नांगर ट्रॅक्टरनें धरला, चराऊ माळ नांगरले गेले. घोड्याचें कष्टाचें आयुष्य संपलें असेल तर त्याबद्दल दुःख मानण्याचें कारण नाहीं. पण तो उरला आहे तो केवळ श्रीमंताच्या हौसेपुरता आणि वरातींतल्या तासाभरापुरता. मारवाडी वा नुकरा घोड्यास लक्षावधि रुपये मिळतात, याच्या बातम्या दरवर्षीं येतात. धनगराच्या तट्टाला कोणी बातमी करीत नाहीं, आणि नालबंदाचा मुलगा नालबंद होत नाहीं.

घोडा नाहींसा होतो तेव्हां एक जनावर जातें इतकेंच नव्हे. त्याच्याबरोबर दांतांत वय वाचणारा डोळा जातो, खूर तासणारा हात जातो, पागा, मोतद्दार, खरारा, तोबरा हे शब्द कोशांत जाऊन पडतात. आणि आपण बोलतों त्या म्हणी पोकळ होतात. हें ज्ञान पुस्तकांत उतरवून ठेवतां येतें, आम्हींही येथें थोडें उतरविलें आहे. पण घोड्याचा ओठ उचलून खळगे मोजणारा म्हातारा समोर असतांना नातवाला तें जें कळेल, तें छापील पानांतून कळावयाचें नाहीं.

म्हणून ज्या घरांत चंपाषष्ठीची तळी अजून भरते, त्या घरांनीं एका वर्षीं त्यापुढचे तीन आठवडे मोजावे आणि माळेगांवची वाट धरावी. विकत कांहींच घेऊं नये. घेतलेंच तर मुलाच्या सायकलीस बांधावयास एक घुंगुरमाळ घ्यावी. एखाद्या साध्या तट्टाच्या मालकापाशीं अर्धा तास बसावें, त्याला त्याच्या जनावराचें नांव, वय आणि खोड विचारावी. त्याला असें विचारणारे आतां फार थोडे उरले आहेत. आणि पुढच्या लग्नसराईंत घरच्या वरातीस घोडा ठरवाल, तेव्हां त्याच्या झुलीआधीं त्याचे खूर पाहावे, त्याला पाणी मिळालें आहे कीं नाहीं हें विचारावें, आणि बँड त्याच्या कानापासून चार हात दूर ठेवावयास सांगावें. दोन दिवसांच्या प्रवासाचें एवढें फळ पदरीं पडलें तरी पुष्कळ झालें.